मसूरची बैलगाडी आणि अमेरिकेतले एक गाणे

जयंतीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या वस्तीत तालमीचे असतात. संध्याकाळी विहारासमोर सतरंजी पडते, पेटी येते, ढोलकी येते आणि रात्री उशिरापर्यंत भीमगीतांचा सराव चालतो. यंदा त्यात एक नवी वस्तू आली. माझ्या थोरल्या मुलाने मित्राची गिटार मागून आणली आणि पोरांनी कोपऱ्यात बसून ठोका धरला. वस्तीतले जुने गायक, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, त्यांनी पेटीवरचा हात थांबवला.

"आरं, ह्यो धांगडधिंगा कशाला? ही श्रीमंतांच्या पोरांची थेरं. आपलं काय हाय त्यात?"

पोरगा उठून त्यांच्याजवळ गेला, खाली बसला आणि म्हणाला, "तात्या, ह्यो श्रीमंतांचा बाजा न्हाई. ज्यांना बसमधी मागच्या बाकावर बसवत हुते, त्यांनी वाजवलाय ह्यो."

तात्या गप्प झाले. खरे सांगायचे तर मनातून मीही तात्यांच्याच बाजूचा होतो. रॉक म्हणजे केस वाढवून ओरडणे, एवढीच माझी समजूत. त्या रात्री जेवण झाल्यावर मुलाने मोबाईलवर मला एक गाणे ऐकवले. जेमतेम अडीच मिनिटांचे. इंग्रजी इतके भरभर की माझ्या बी.कॉम.च्या इंग्रजीने हात टेकले. मग त्याने शब्द वहीवर उतरवून दिले आणि धाकटीच्या शाळेचा नकाशांचा अॅटलास पुढे ओढला. त्यातले एकेक गाव आम्ही बोटाने शोधत गेलो आणि गाणे संपले तेव्हा मी अमेरिकेत नव्हतो, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर उभा होतो! हे कसे झाले, तेच आज वाचक बंधू-भगिनींना सांगायचे आहे.

गाणारा कोण होता?

गाण्याचे नाव 'प्रॉमिस्ड लँड', म्हणजे वचन दिलेली भूमी. बायबलातील कथेप्रमाणे इजिप्तच्या गुलामगिरीतून निघालेल्या लोकांना जी भूमी मिळणार होती, ती ही भूमी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांनी हा शब्द आपलासा केला आणि त्यांच्या प्रार्थनागीतांत तो पिढ्यान् पिढ्या राहिला.

गाणे लिहिणारा आणि गाणारा चक बेरी. जन्म 18 ऑक्टोबर 1926, अमेरिकेतील सेंट लुईस शहरात. मोटारीच्या कारखान्यात त्याने काम केले, केशरचनेचे शिक्षण घेतले आणि रात्री क्लबात गिटार वाजवली. 1955 साली 'मेबेलीन' या त्याच्या गाण्याने तो देशभर गाजला. तेही गाणे मोटारींच्या शर्यतीचेच! आज ज्याला रॉक म्हणतात, त्याचा पाया घालणाऱ्या मोजक्या लोकांत त्याचे नाव घेतले जाते. गोऱ्या पोरांनी ते संगीत पुढे जगभर नेले, पैसाही मिळवला. पण त्याची मुळे कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या वस्तीतली आहेत. माझा मुलगा तात्यांना हेच सांगत होता.

1977 साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन याने अंतराळात सोडली. पृथ्वीवरच्या माणसांची ओळख म्हणून त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली आहे. त्या तबकडीवर चक बेरीचे 'जॉनी बी. गुड' हे गाणे आहे आणि आपल्या गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवीही आहे. एक सेंट लुईसचा, एक केरीची. दोघांचा आवाज एकाच गाडीतून चालला आहे. तिथे पुढचा बाक, मागचा बाक असा भेद नाही!

चक बेरी संत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. 1959 साली एका अल्पवयीन मुलीला राज्याबाहेरून आणून आपल्या क्लबात कामाला ठेवल्याच्या प्रकरणात त्याला अटक झाली. पहिल्या खटल्यातील शिक्षा न्यायाधीशाच्या वर्णद्वेषी बोलण्यामुळे वरच्या न्यायालयाने रद्द केली. दुसऱ्या खटल्यात मात्र शिक्षा कायम झाली. न्यायाधीश वर्णद्वेषी होता हे खरे आणि त्या मुलीच्या बाजूने पाहिले तर प्रकरण क्षुल्लक नव्हते हेही खरे. 1962 च्या फेब्रुवारीपासून 1963 च्या ऑक्टोबरपर्यंत तो तुरुंगात होता.

हे गाणे त्याने तुरुंगात लिहिले. 1987 च्या आत्मचरित्रात त्याने एक गंमत सांगितली आहे. गाण्यातला मुलगा कोणकोणत्या गावांवरून जाईल, हे पडताळण्यासाठी त्याला रस्त्यांचा नकाशा हवा होता. पण तुरुंगात नकाशा मिळणे महाकठीण. कैद्याच्या हाती नकाशा दिला तर तो पळून जाण्याची वाट शोधेल, ही धास्ती! हे वाचले आणि मला आमचा शाळेचा अॅटलास आठवला. नकाशा हातात असणे ही साधी गोष्ट नाही, बंधूंनो. ज्याला आपण कुठे आहोत आणि कुठे जायचे हे कळते, त्याला अडवणे अवघड जाते.

गाण्याची चालही नवी नाही. 'वॉबॅश कॅननबॉल' नावाचे आगगाडीवरचे एक जुने लोकगीत आहे, त्याच्या चालीवर हे गाणे बेतलेले आहे. आपल्या शाहिरांनी नाही का लोकगीतांच्या आणि सिनेमाच्या चालींवर भीमगीते रचली? चाल लोकांच्या ओठांवर असली की नवा विचार लवकर पोहोचतो. गाणे 1964 साली बाहेर पडले. दहा वर्षांनी, 1974 साली, एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या गायकाचे त्याच गाण्याचे ध्वनिमुद्रण आले आणि तेही गाजले.

गरीब पोराचा प्रवास

गाण्यातली गोष्ट साधी आहे. एक गरीब पोरगा पूर्वेकडच्या समुद्रकिनाऱ्यावरील नॉरफोक गावातून निघतो. त्याला पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्नियाला जायचे आहे. तो ग्रेहाउंड कंपनीच्या बसमध्ये बसतो. धावता शिकारी कुत्रा ही या कंपनीची खूण. रॅली मागे पडते, शार्लट गावी बस थांबते, रॉक हिल हे गाव मात्र टाळले जाते. जॉर्जिया ओलांडून बस अलाबामा राज्यात शिरते आणि अर्ध्या वाटेत बिघडते. पोरगा बर्मिंगहॅम शहरात अडकून पडतो. मग तो रेल्वेचे तिकीट काढतो आणि मिसिसिपी ओलांडून न्यू ऑर्लिन्सला पोहोचतो. पुढे लुइझियानातून बाहेर पडायला त्याला मदत मिळते आणि तो ह्यूस्टनला जातो. तिथली आपुलकीची माणसे त्याला नवे कपडे, सामान आणि विमानाचे तिकीट घेऊन देतात. विमान लॉस एंजेलिसला उतरते आणि पोरगा पहिले काम काय करतो? घरी फोन लावतो.

बस, आगगाडी, विमान. वरवर पाहिले तर ही मजेची सफर आहे. गाण्यात कुठेही 'काळा', 'गोरा', 'अन्याय' असा शब्द नाही. पण त्यातील गावांची नावे ज्यांनी 1961 साली वर्तमानपत्रांत वाचली होती, त्यांच्या कानांत ती नावे निराळी वाजली. अनेक जाणकारांनी पुढे हे दाखवून दिले आहे. ती नावे म्हणजे एका लढ्याच्या जखमा होत्या.

त्या गावांत काय घडले होते?

थोडे मागे जाऊ. 1892 साली न्यू ऑर्लिन्समध्ये होमर प्लेसी नावाच्या माणसाने आगगाडीचे तिकीट काढले आणि तो गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. त्याला अटक झाली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1896 साली न्यायालयाने सांगितले, वेगळे ठेवा, पण समान ठेवा, म्हणजे घटनेचा भंग नाही. या एका निकालाच्या आधारावर पुढची अर्धी शतकभर डबे वेगळे, बाक वेगळे, प्रतीक्षागृहे वेगळी, शाळा वेगळ्या आणि पाण्याचे नळसुद्धा वेगळे राहिले. वेगळे ते कधी समान नसते, हे आपल्या गावकुसाबाहेरच्या माणसाला कुणी शिकवायला नको!

1955 सालच्या 1 डिसेंबरला माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईने बसमधील जागा सोडायला नकार दिला. त्यानंतर तेथील कृष्णवर्णीय जनतेने 381 दिवस शहरबसवर बहिष्कार घातला आणि लढा जिंकला. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसगाड्यांचे काय? तिथे 1946 साली आणि पुन्हा 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने भेदभाव बेकायदा ठरवला होता. कायदा कागदावर होता. दक्षिणेतल्या बस स्टँडवर मात्र 'गोऱ्यांसाठी' आणि 'रंगीत लोकांसाठी' असे फलक तसेच लटकत होते.

ही फसवणूक उघडी पाडण्यासाठी 4 मे 1961 रोजी 13 जण वॉशिंग्टनहून दोन बसमधून निघाले. त्यांत 7 कृष्णवर्णीय आणि 6 गोरे. त्यांना 'फ्रीडम रायडर्स' म्हणतात, म्हणजे स्वातंत्र्याचे प्रवासी. हाती शस्त्र नाही, फक्त तिकीट. ठरले एवढेच होते की कृष्णवर्णीयांनी पुढे बसायचे, गोऱ्यांनी मागे बसायचे आणि प्रत्येक स्टँडवर सगळ्यांनी एकाच उपाहारगृहात शिरायचे. मारले तरी उलट मारायचे नाही.

आता गाण्याचा रस्ता आणि त्यांचा रस्ता शेजारी ठेवून पाहा. शार्लट येथे ज्यो पर्किन्स हा कार्यकर्ता बूटपॉलिशच्या खुर्चीवर बसला, एवढ्यासाठी त्याला अटक झाली. 9 मे रोजी रॉक हिलच्या स्टँडवर गोऱ्यांच्या प्रतीक्षागृहात पाऊल टाकताच जॉन लुईस या 21 वर्षांच्या तरुणाला गुंडांनी रक्तबंबाळ केले. गाण्यातला पोरगा रॉक हिल का टाळतो, ते आता कळेल.

14 मे 1961, रविवार. अमेरिकेत त्या दिवशी मातृदिन होता. अलाबामातील अॅनिस्टन गावाजवळ जमावाने ग्रेहाउंड बसचे टायर फोडले, बस अडवली आणि खिडकीतून आगीचा बोळा टाकला. बस जळून खाक झाली. आतले लोक धुराने घुसमटत कसेबसे बाहेर पडले, तर बाहेर त्यांना मारहाण झाली. त्याच दिवशी दुसरी बस बर्मिंगहॅमला पोहोचली. तेथील पोलीस प्रमुख बुल कॉनर याने गुंडांना 15 मिनिटे मोकळी दिली होती, पोलीस फिरकलेच नाहीत. जेम्स पेक या गोऱ्या कार्यकर्त्याच्या डोक्याला पन्नासहून अधिक टाके पडले.

दुसऱ्या दिवशी हे लोक पुढे जायला तयार होते, पण बस हाकायला ड्रायव्हर तयार होईना! तिकीट आहे, बस आहे, रस्ता आहे. गाडी हाकणारा मात्र नाही. अखेरीस त्यांना विमानाने न्यू ऑर्लिन्सला जावे लागले. गाण्यात बस नेमकी अलाबामात बिघडते आणि पोरगा बर्मिंगहॅममध्ये अडकतो. चक बेरीने एवढेच सांगितले आणि तो पुढे गेला. ज्याला कळायचे त्याला कळले.

लढा मात्र थांबला नाही. नॅशव्हिल येथील विद्यार्थ्यांनी, त्यांत डायान नॅश या तरुणीने पुढाकार घेऊन, बस पुन्हा सुरू केल्या. मिसिसिपीत पोहोचणाऱ्यांना पकडून तुरुंगात टाकले जाई, तर मागून दुसरी तुकडी येई. अशा चारशेहून अधिक प्रवाशांनी त्या उन्हाळ्यात प्रवास केला. शेवटी सरकार हलले. 1 नोव्हेंबर 1961 पासून आंतरराज्य बसगाड्यांतील आणि स्टँडवरील भेदभावाचे फलक उतरवण्याचा हुकूम लागू झाला.

रॉक हिलला मार खाल्लेला जॉन लुईस पुढे 1986 साली अमेरिकेच्या संसदेवर निवडून आला आणि 2020 साली मरेपर्यंत खासदार राहिला. 2009 साली त्याला मारणाऱ्यांपैकी एक म्हातारा त्याच्याकडे आला आणि त्याने माफी मागितली. लुईसने ती दिली.

मसूरचे स्टेशन

"गाडी हाकायला कुणी तयार होईना." या ओळीपाशी मी थांबलो. मुलाला म्हटले, "हे तर आपण ऐकले आहे रे! आपल्याच जिल्ह्यात घडलेले."

1901 साल. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे काम काढले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत थोरल्या भावासह घरातली पोरे साताऱ्याहून वडिलांकडे निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट. पोरांना पहिल्यांदाच आगगाडीत बसायचे होते. केवढा तो आनंद!

संध्याकाळी गाडी मसूरला आली. पत्र वेळेवर न मिळाल्याने न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशन मास्तरने चांगल्या कपड्यांतली पोरे पाहून मायेने चौकशी केली. पोरांनी जात सांगितली आणि मास्तरचा चेहरा बदलला. स्टेशनबाहेर बैलगाड्या होत्या, भाड्याचे पैसे होते, परंतु एकही गाडीवान या पोरांना गाडीत घेईना. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडे दुप्पट, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान बरोबरीने पायी चालणार! डब्यात अन्न होते, पण प्यायला पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. उपाशीपोटी, तहानेने कोरड पडलेल्या घशाने पोरांनी रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी ती गोरेगावला पोहोचली.

बाबासाहेबांनी ही हकिकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत इंग्रजीत लिहून ठेवली आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 साली ती पुस्तिकारूपाने छापली. त्याच आठवणींत 1929 सालचा चाळीसगावचा प्रसंगही आहे. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. तरीही टांगेवाला त्यांचा टांगा हाकायला तयार होईना. मग ज्याला टांगा हाकायचा सराव नव्हता अशा आपल्याच माणसाने तो हाकला, टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

मसूर 1901, चाळीसगाव 1929, बर्मिंगहॅम 1961. बैलगाडी, टांगा, बस. वाहन बदलले, मालक बदलला, देश बदलला, दुखणे एकच!

तिकिटावर जात नसते

मी एका संस्थेत कारकून आहे. गेली कित्येक वर्षे प्रवासभत्त्याची बिले तपासतो. निघाल्याचे ठिकाण, पोहोचल्याचे ठिकाण, वाहन, किलोमीटर, भाडे, सही. त्या छापील कागदावर जातीचा रकाना नाही. रोज हाताखालून जाणारा हा कागद, पण हे माझ्या ध्यानात या गाण्यामुळे आले. तो रकाना आपोआप गळून पडलेला नाही, तो कुणीतरी पुसला आहे.

मसूरला आगगाडीने पोरांना आणले, कारण रेल्वेने तिकिटाचे पैसे पाहिले. बैलगाडीने अडवले, कारण गाडीवानाने जात पाहिली. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर आपल्या राज्यातली पहिली एस.टी. धावली. त्या लाल गाडीने गरिबाला काय दिले, याचा हिशेब अजून कुणी नीट मांडलेला नाही. कंडक्टर नाव विचारत नाही, गाव विचारतो. आमच्या फलटण स्टँडवरून कित्येक पोरे शिकायला बाहेर पडली ती याच गाडीने. रेल्वेसाठी आम्हाला लोणंदला जावे लागे. 2019 साली लोणंद-फलटण रेल्वे आली आणि 2021 मध्ये पुण्याची गाडीही सुरू झाली.

म्हणून सगळे संपले असे मात्र कुणी समजू नये. काही वर्षांपूर्वी एका प्रवासात शेजारच्या सद्गृहस्थाने माझ्याशी तासभर छान गप्पा मारल्या. मी पिशवीतून बाबासाहेबांचे पुस्तक काढले. त्यांनी ते पाहिले, जरा वेळाने सामान उचलले आणि मागे जाऊन बसले. बोलले काही नाहीत. तिकीट माझेही तेवढ्याच पैशाचे होते. त्या दिवशी मला राग आला नाही, लाज वाटली. आणि लाज मला का वाटावी, याचाच मग राग आला.

ज्या पोराला मसूरला गाडी मिळाली नाही, तोच पुढे घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या घटनेत कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम 15 ने विहिरी, तळी, रस्ते आणि उपाहारगृहे सर्वांना खुली केली. आणि कलम 19 ने प्रत्येक नागरिकाला भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क दिला. वकील ही कलमे वेगवेगळी वाचत असतील. मला त्यात ती बैलगाडी दिसते, तो टोलनाका दिसतो आणि पाण्यावाचून काढलेली ती रात्र दिसते.

जुने नाते

कुणी म्हणेल, कुठे अमेरिका आणि कुठे फलटण! पण हे नाते आजचे नाही. महात्मा फुले यांचे मूळ गाव कटगुण, तेही खटाव तालुक्यातलेच. जोतिबांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतील त्या लोकांना, ज्यांनी तेथील गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कमध्ये शिकले. 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहिले आणि द्यु बॉईस यांचे उत्तरही आले. 1972 साली मुंबईत आपल्या तरुणांनी संघटना काढली, तिचे दलित पँथर हे नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. दोन्हीकडच्या वस्त्यांनी एकमेकींना फार पूर्वीच ओळखले आहे.

गाण्यांचेही तसेच. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून बापाबरोबर पायी चालत मुंबईला गेले. खिशात भाडे नव्हते, म्हणून पायी. त्या मुंबईनेच त्यांना शाहीर केले. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून हजारो गीते लिहिली आणि गायिली. आज चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' नावाचा तरुणांचा संघ गाणा आणि रॉक यांची सांगड घालून गातो. मुंबईत कबीर शाक्य यांनी 'धम्म विंग्स' हा बँड काढला. पंजाबात गिन्नी माही ही मुलगी नव्या बाजात बाबासाहेबांची गाणी गाते. वाद्ये बदलतात. आपल्या आजोबांच्या काळी पेटी तरी आपली कुठे होती? तीही सायबाच्या देशातून आली आणि आपली झाली.

या गाण्याने मला आणखी एक गोष्ट शिकवली. त्यात रडगाणे नाही. इतकी जळलेली बस, इतके फुटलेले डोके मागे असताना तो गरीब पोरगा हसत-खेळत जातो, अडला तर दुसरे वाहन पकडतो, आपली माणसे त्याला हात देतात आणि तो पोहोचतो. पोहोचणे हाच त्याचा निषेध आहे. आपल्या पोरांना दुःखाची गाणी आपण पुष्कळ दिली आणि ती द्यायलाच हवीत. पण पोहोचल्याचीही गाणी द्यायला नकोत का? मसूरच्या बैलगाडीची हकिकत आपण भाषणात सांगतो. ती नव्या चालीवर, मुलांना नाचता येईल अशा ठेक्यावर कुणी बांधली तर? आगगाडीत पहिल्यांदा बसलेल्या त्या पोरांचा आनंद त्यात असावा, तहान असावी आणि शेवटी न्यूयॉर्कला जाणारे जहाजही असावे.

मी हे तात्यांना बोलून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेटी पुढे ओढून पोराला म्हणाले, "वाजव बघू तुझं ते. पण ढोलकी माझी ऱ्हाईल." जयंतीच्या रात्री गिटार आणि ढोलकी एकाच सतरंजीवर होती. आवाज जरा मोठा झाला खरा, पण आयाबाया उठून गेल्या नाहीत.

जूनमध्ये मुलगा शिकाऊ कामगार म्हणून पुण्याला गेला. त्याला सोडायला आम्ही दोघे फलटण स्टँडवर गेलो होतो. आईने चपात्या बांधून दिल्या, पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. एक पुरे म्हणाला, तरी तिने दुसरी पिशवीत कोंबलीच. गाडी सुटली. खिडकीजवळची जागा त्याला मिळाली होती आणि त्याला कुणी काही विचारले नाही.

संध्याकाळी फोन आला.

"पप्पा, पोचलो."

एवढेच. पण त्या एका शब्दासाठी मसूरपासून अॅनिस्टनपर्यंत किती जण तहानले आणि किती जणांनी डोकी फोडून घेतली, ते आता मला ठाऊक आहे. आपल्या मुलांनाही ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जयभीम!